धुक्यातल्या जिन्याचे चौतीस नमुने

चष्मेवाल्याच्या मते जगात दोन प्रकारची माणसं होती: ज्यांना नीट दिसत नाही ती, आणि आपल्याला नीट दिसत नाही हेही ज्यांना दिसत नाही ती. पहिल्या प्रकारावर त्याचं दुकान चालत होतं. दुसऱ्या प्रकारात त्याचे बहुतेक नातेवाईक मोडत.

सतरा वर्षं तो एका अरुंद काळोख्या खोलीत लोकांच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवून, तिच्यात एकामागून एक काचा सरकवत, एकच प्रश्न विचारत आला होता: पहिलं बरं की दुसरं? आणि सतरा वर्षं लोक त्याची निराशा करत आले होते. कुणी म्हणे दोन्ही सारखंच. कुणी म्हणे पुन्हा दाखवा. एका गृहस्थांनी तर ‘तुम्हीच सांगा, तुमचा अनुभव जास्त’ असं म्हणून डोळेच मिटून घेतले होते. ‘घाई नाही, पण उत्तर एकच द्या,’ असं तो सांगे, आणि सांगण्याचा सूर असा, की समोरच्याला आपला गणिताचा पेपर आठवावा. गिऱ्हाइकं त्याला डॉक्टर म्हणत. तो डॉक्टर नव्हता. पहिली दोन वर्षं त्याने ही चूक दुरुस्त केली. पुढे लोकांची मनं दुखवणं त्याने सोडून दिलं.

घरातल्या मागच्या खोलीत त्याचे सिनेमे होते. तीनशे सत्तर डिस्का, भिंतीला ठोकलेल्या लोखंडी मांडण्यांवर, उभ्या, दिग्दर्शकांच्या आडनावाप्रमाणे. खोलीत खाट नव्हती, खुर्ची नव्हती, आणि धूळ येऊ नये म्हणून खिडकी उघडायला परवानगी नव्हती. बायको तिथे वर्षातून दोनदा जायची, जाताना पदर खोचून आणि येताना तोंड मिटून.

अशात सासरे पडले. बायकोच्या वडिलांनी सगळा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवला होता. निवृत्तीनंतर ते औषधाच्या बाटल्यांवरचे कागद तपासत. न्हाणीघरात घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग चालायला शिकवणाऱ्या एका केंद्रात त्यांची सहा आठवड्यांची सोय झाली. तिथून पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला त्यांना सोडणार होते. एकटं राहायचं नाही आणि निदान वर्षभर जिना चढायचा नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं. ते खरोखरचे डॉक्टर होते.

मुली दोन. धाकटी राहायची तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. तिचा नवरा, म्हणजे चष्मेवाल्याचा साडू, लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर शहराला वरखाली नेऊन संध्याकाळी स्वतः बहात्तर पायऱ्या चढून घरी जाणारा हा माणूस चष्मेवाल्याला पहिल्यापासूनच फारसा मानवलेला नव्हता. थोरलीचं, म्हणजे चष्मेवाल्याचं, घर मात्र तळमजल्यावर होतं. एक खोली मोकळी करायची, एवढंच काय ते.

“डिस्का कॉम्प्युटरवर घ्या,” बायकोने सांगितलं. “सगळे सिनेमे एका डब्यात मावतात म्हणे. मग मांडण्या काढू, तिथे बाबांची खाट टाकू.”

चष्मेवाल्याने होकार दिला, पण एका अटीवर. ज्या डिस्कची प्रत त्याच्या डोळ्याला पसंत पडेल तीच मांडणीवरून हलेल. बायकोने खोकी सुचवली, तेव्हा तिला कळलं की खोक्यात डिस्का आडव्या पडतात, आणि आडवी पडलेली डिस्क वाकते. साडूच्या गोदामाचं नाव काढलं, तेव्हा तिला कळलं की जिथे ग्रीसचे डबे राहतात तिथे कला राहत नाही. तिने कॅलेंडरवर पंधरा तारखेला लाल गोल केला. पंचेचाळीस दिवस होते. दिवसाला नऊसुद्धा सिनेमे होत नव्हते. घरी शिवणक्लास चालवून दीडशे ब्लाउज पंधरवड्यात उरकणाऱ्या बायकोला हे काम अवघड वाटेना.

प्रत करायची म्हणजे डिस्कवरचा सिनेमा फायलीत दाबून बसवायचा. किती दाबायचा हे एका आकड्यावर ठरतं, आणि त्या आकड्याचा कारभार उलटा असतो: आकडा जितका खाली, चित्र तितकं वर, आणि फाइल तितकी लठ्ठ. सॉफ्टवेअर उघडलं की तो वीसवर असतो. म्हणजे ज्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिलं, त्यांच्या मते वीस ठीक. चष्मेवाल्याला या ‘ठीक’चा संताप आला. ठीक हा शब्द त्याने गिऱ्हाइकांच्या तोंडून पुष्कळ ऐकला होता. ठीक म्हणणारी माणसं दुसऱ्या महिन्यात डोकं दुखतं म्हणून परत येत.

त्याने आधी चाचणी करायचं ठरवलं. चाचणीला चाळीस सेकंदांचा एक तुकडा निवडला. एका जुन्या सिनेमात नायक दाट धुक्यातून दगडी जिना उतरतो, थांबतो, कॉलर वर करतो. हा प्रसंग चष्मेवाल्याने आयुष्यात शंभरदा पाहिला होता, आणि लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात स्वतःही तशीच कॉलर वर करून हिंडला होता. शिवाय धुकं हे फाइल दाबणाऱ्या यंत्राचं सगळ्यात मोठं दुखणं. चेहरे, झाडं, घोडे त्याला जमतात. धुक्याचे मात्र ते पट्टे पाडतं.

“धुक्यात काय स्पष्ट दिसणार?” बायकोने विचारलं.

अशा प्रश्नांना तो उत्तर देत नसे. नुसता चष्मा काढून पुसत असे.

वीसवर केलेला पहिला नमुना त्याने टीव्हीवर लावला, सोफ्यावर बसला आणि नाक मुरडलं. मऊ. जिन्याच्या कडा गेलेल्या, नायकाच्या चेहऱ्याचं पिठलं झालेलं. मूळ डिस्क याहून कितीतरी धारदार होती. त्याने नुकतीच पाहिली होती, टेबलावर, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. आकडा अठरा केला. मऊ. सोळा केला. मऊ. वेगाच्या खान्यात ‘फास्ट’ होतं, तिथे ‘स्लो’ केलं, मग ‘व्हेरी स्लो’. कॉम्प्युटरचा पंखा असा घुमू लागला, की शेजारणीने तुमच्याकडे गिरणी आली का म्हणून विचारलं. चाळीस सेकंदांच्या तुकड्याला पंचवीस मिनिटं लागू लागली. चष्मेवाल्याला ते बरं वाटलं. ज्याला वेळ लागतो ते चांगलं असतं, अशी त्याची समजूत होती, आणि चष्मा तयार व्हायला आठ दिवस का लागतात असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकांना तो तीच ऐकवत असे.

त्याने वही घातली. नमुना क्रमांक, आकडा, वेग, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘मऊ’, ‘मऊ’, ‘अक्षम्य’, ‘मऊ’.

दुसऱ्या आठवड्यात साडू येऊन गेला. सासऱ्यांसाठी पलंगाला धरायचा दांडा बसवायचा होता, पण खोलीत अजून पलंगच आलेला नव्हता, म्हणून दांडा भिंतीला टेकवून तो चहाला बसला. त्याने मागल्या वर्षी स्वतःच्या दोनशे डिस्का बारा दिवसांत उरकल्या होत्या. कुठल्या आकड्यावर, असं चष्मेवाल्याने विचारलं, एखाद्याला आंघोळ कधी केली होतीस असं विचारावं तसं.

“जो होता त्यावर,” साडू म्हणाला. “बटण दाबलं आणि कामावर गेलो.”

साडू गेल्यावर चष्मेवाला बायकोला म्हणाला की या माणसाने दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये आपण कधी बसायचं नाही.

पुढे एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. सोफ्यावरून दोष दिसायचा. बायकोला दाखवावा म्हणून चष्मेवाला तावातावाने उठून टीव्हीपाशी जायचा, बोट नायकाच्या कानापाशी न्यायचा, आणि दोष गायब. कान लख्ख. जिन्याच्या कडा सुरीसारख्या. तो परत सोफ्यावर येऊन बसला की दोषही परत आपल्या जागी येऊन बसलेला. असं एकदा नाही, सतरा वेळा झालं. सामान्य माणूस यातून काही साधासा निष्कर्ष काढून मोकळा झाला असता. चष्मेवाल्याने वहीत लिहिलं: ‘दोष अस्थिर. जवळ गेल्यास लपतो.’ टीव्ही बनवणाऱ्यांनी आत काहीतरी लबाडी केली असावी, अशी त्याला शंका आली. त्याने कंपनीला तीन पानी पत्र पाठवलं. आपण आमचा टीव्ही निवडलात याबद्दल आभार, असं उत्तर आलं.

अकराच्या आकड्यावर ते चाळीस सेकंदांचं धुकं मूळ डिस्कवर खात होतं त्याच्या दुप्पट जागा खाऊ लागलं. म्हणजे दाबून बसवायला घेतलेली वस्तू दाबल्यावर दुपटीने फुगली होती. शेरा: ‘मऊ, पण उमेद आहे.’

चौतिसाव्या दिवशी चौतीस नमुने झाले होते आणि एकही सिनेमा झाला नव्हता. त्या दिवशी दुपारी धाकटीचा फोन आला. बाबांनी केंद्रात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की ते थोरलीकडे राहायला जाणार. पंधरा तारखेला खोली नसेल तर तसं आत्ताच कळवा, ती म्हणाली. चार माणसं बोलावून त्यांना खुर्चीत बसवून बहात्तर पायऱ्या वर न्यावं लागेल, आणि एकदा वर नेलं की ते वर्षभर खाली येणार नाहीत. बायकोने फोन ठेवला आणि ती बाहेरच्या खोलीत आली. गळ्यात मोजायची फीत होती, क्लास नुकताच सुटला होता. चष्मेवाला सोफ्यावर बसून पस्तिसाव्या नमुन्याचा विचार करत होता.

तिने फीत काढली आणि सोफ्यापासून टीव्हीपर्यंत जमिनीवर मोजलं. नऊ फूट. मग टेबलावरच्या कॉम्प्युटरपासून त्याच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत. दोन फूट.

“मूळ डिस्क इथून बघता,” ती म्हणाली, “आणि प्रत तिथून. दुकानात कुणा गिऱ्हाइकाला एक काच दोन फुटांवरून आणि दुसरी नऊ फुटांवरून दाखवलीत कधी?”

चष्मेवाला म्हणाला की यंत्राची गोष्ट वेगळी असते.

“अहो, तो दोष टीव्हीत नाही. तो सोफ्यावर बसतो.”

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. तो अकरा वर्षांपूर्वीचा होता. मग त्याने अत्यंत शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं की या गावात आपले डोळे तपासण्याच्या लायकीचा माणूस नाही. म्हणून दर एक जानेवारीला तो स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या खुर्चीमागे उभं राहून, स्वतःचे डोळे स्वतः तपासतो. समोरच्या तक्त्याच्या सगळ्या ओळी, थेट तळापर्यंत, दर वर्षी बिनचूक.

“तक्ता तोच?”

“सतरा वर्षं तोच. उत्तम तक्ता आहे.”

“शेवटची ओळ काय हो त्याची?”

चष्मेवाल्याने शेवटची ओळ सांगितली. तिच्या वरची सांगितली. तिच्याही वरची सांगितली, आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव असतं, तेही पिनकोडासकट सांगितलं. बोलताना त्याचा चेहरा अभिमानाने उजळला होता. दुकान तिथून दीड किलोमीटरवर होतं.

हे त्याच्या लक्षात यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात टीव्हीवरचा नायक दोनदा जिना उतरला.

तो हरलेला नव्हता. तो फक्त म्हणाला की पायी जाऊन येऊ, हवा बरी आहे.

दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती. त्याने शटर अर्धं वर केलं आणि दोघं वाकून आत गेली. सतरा वर्षं ज्या खुर्चीत त्याने लोकांना बसवलं तिच्यात तो बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळलं की तिची पाठ टोचते. एकाही गिऱ्हाइकाने हे सांगितलं नव्हतं. लोकांना साधी निरीक्षणशक्ती नसते. बायकोने तक्ता उलटा टांगला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करने, क्लासात कागदावर मापं लिहिते तसे, मोठ्यापासून बारीक होत जाणारे आकडे लिहिले. मग त्याच्या नाकावर जड फ्रेम चढवली. फ्रेम बोचली.

“वाचा.”

पहिली ओळ त्याने वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीला तो म्हणाला की अक्षर वाईट आहे.

तिने डाव्या डोळ्यावर झाकण घातलं आणि उजव्यापुढे त्याने सांगितलेली काच सरकवली. मग ती काढून दुसरी. तिचा आवाज बदलला. तो कुठेतरी ऐकलेला होता.

“पहिलं बरं की दुसरं?”

समोर आकडे होते, पहिल्या काचेतून जरा काळे, दुसऱ्या काचेतून जरा बारीक. आठ असेल. तीन असेल. काळं म्हणजे बरं की बारीक म्हणजे बरं, हे त्याला ठरवता येईना. हा प्रश्न मुळात इतका मूर्खपणाचा आहे हे त्याच्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

“पुन्हा दाखव,” तो म्हणाला.

तिने पुन्हा दाखवलं.

“दोन्ही सारखंच.”

“घाई नाही,” बायको म्हणाली, “पण उत्तर एकच द्या.”

त्याच्या मानेवर घाम आला. त्याने दुसरं असं सांगितलं, मग पहिलं, मग पुन्हा दुसरं, आणि शेवटी त्याच्या तोंडून निघून गेलं की तूच सांग, तुला काय वाटतं. रस्त्यावरून कुणीतरी अर्ध्या शटरखाली डोकावून डॉक्टर आहेत का म्हणून विचारलं. बायकोने नाहीत म्हणून सांगितलं.

तासाभराने नंबर निघाला. दोन्ही डोळ्यांना दूरचा नंबर सव्वाने वाढला होता. जवळचं अजून लख्ख दिसत होतं, आणि त्याच जोरावर तो इतकी वर्षं टेंभा मिरवत होता. एरवी आठ दिवस लागणारा चष्मा त्याने पाऊण तासात बनवला. गिऱ्हाइकांना हे कधी कळता कामा नये, एवढंच बायकोला सांगितलं.

घरी येऊन तो सोफ्यावर बसला आणि नमुना क्रमांक एक लावला. आकडा वीस, वेग फास्ट, शेरा मऊ. जिन्याचा एकन् एक दगड वेगळा दिसत होता. नायकाच्या कॉलरची शिवण दिसत होती, आणि ती वाकडी असल्याचं बायकोने स्वयंपाकघराच्या दारातूनच सांगितलं. पट्टे नव्हते, पिठलं नव्हतं. चष्मेवाला सुखावून पुढे सरकला, आणि थबकला.

जिन्याच्या डाव्या बाजूला, कठड्यामागे, एक माणूस उकिडवा बसला होता. जवळून चष्मेवाल्याने आजवर फक्त कान आणि कडाच तपासल्या होत्या. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी. पुढ्यात टेबलफॅन आणि धूर निघणारी बादली. नायक पायरी उतरला की हा माणूस बादलीवर पुठ्ठा हलवी. नायकाने कॉलर वर केली तेव्हा त्याने पोटरी खाजवली.

चष्मेवाल्याने तुकडा सहा वेळा पाहिला. माणूस सहाही वेळा होता. ज्या धुक्यासाठी त्याने एक अख्खा हिवाळा कॉलर वर करून काढला होता, ते या इसमाने पुठ्ठ्याने हाकललं होतं. मग त्याने इतर डिस्का लावून पाहिल्या. राजवाड्याच्या खांबांवर चिकटवलेल्या छापील कागदाचे जोड दिसत होते. एका सम्राटाच्या कपाळावर केसांच्या टोपाची कड उचकटली होती. महायुद्धावरच्या एका सिनेमात मेलेला सैनिक श्वास घेत होता, आणि बराच घाईने घेत होता. चष्मेवाल्याच्या मनात या लोकांबद्दल असा तिटकारा दाटून आला, की त्यापुढे साडू त्याला जवळजवळ सुसह्य वाटला.

“बोलव त्याला,” तो म्हणाला. “बटण दाबू दे.”

साडू दुसऱ्या दिवशी दोन कॉम्प्युटर घेऊन आला. आकडा वीस, वेग फास्ट. कुणी काही तपासलं नाही. दहा दिवसांत तीनशे सत्तर सिनेमे एका काळ्या डबीत गेले, डिस्का ग्रीसच्या डब्यांशेजारी गेल्या, मांडण्या निघाल्या, भिंतीची भोकं बुजली, खिडकी उघडली आणि सव्वीस मिनिटं खटपट केल्यावर बंदही झाली. खाट आली, खाटेला दांडा लागला. चष्मेवाल्याने वहीत शेवटची नोंद केली: ‘निवडलेला नमुना क्रमांक एक. सखोल चाचणीअंती.’

पंधरा तारखेला सासरे आले. वॉकर टेकत उंबऱ्यापाशी थांबले, खोली पाहिली, कॅलेंडरवरचा लाल गोल पाहिला, त्या महिन्याच्या नावात छापणाऱ्याने वेलांटी चुकवली आहे असं सांगितलं आणि मग खाटेवर बसले. थोरली पाठीमागे उशी लावत होती. ती मुद्दाम हळूहळू लावत होती, म्हणजे मग डोळे पुसायला तोंड फिरवायची गरज पडत नाही.

संध्याकाळी त्यांनी सिनेमा लावायला सांगितला. कुठला, तर तो जिन्याचा. तरुणपणी तीनदा पाहिलेला. चष्मेवाल्याने बरेच आढेवेढे घेतले, पण सासऱ्यांना नाही म्हणण्याची त्याच्यात धमक नव्हती. खोलीतल्या छोट्या पडद्यावर धुकं आलं. नायक जिना उतरू लागला. चष्मेवाला भिंतीकडे बघत बसला.

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “तो आहे बघा अजून.”

“कोण, मामा?”

“तो बादलीवाला. पहिल्या दिवसापासून बसलाय तिथे. थेटरात मी सगळ्यांना दाखवायचो, कुणाला दिसायचा नाही. तुम्हाला दिसतो ना?”

चष्मेवाल्याने नवा चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा चढवला. बायको दारात उभी होती.

“दिसणारच, मामा,” तो म्हणाला. “सेटिंग साडूचं आहे.”